फुकटचा म्हणे तमाशा!

यात्रेतल्या तमाशाला ‘फुकटचा’ म्हणण्याची आमच्या सुशिक्षितांना मोठी हौस. चैत्र-वैशाखात गावोगाव हिंडणारा हंगामी फड तिकीट लावीत नाही, हे खरे. पण गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्यांत बसून गावकरी जी सुपारी ठरवतात, ती काय आभाळातून पडते? घरोघरची वर्गणी असते ती! बागायतदार देतो, मजूरही देतो. आणि एकदा दिल्यावर मैदानात कुणाला अडवायचे नाही, शेजारगावच्यालाही नाही, हा गावाचा मोठेपणा.

फडाचे विचाराल तर रात्री गण, गौळण, बतावणी, वग. डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच सकाळी हजेरी. आणि दुपारी ट्रकमधून पुढचे गाव. त्यात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० वाजता कर्णे बंद. अहो, पालखी मिरवून माणसे मैदानात येतात तीच मुळी त्या सुमारास! मग वग करायचा कधी? सवलत आहे म्हणे. ती वर्षातून पंधरा दिवस, १२ वाजेपर्यंत, आणि दिवस नेमणार सरकार. गावोगावच्या यात्रांच्या तिथ्या त्यात कशा बसाव्यात?

२०२० आणि २०२१ साली ऐन हंगामात यात्रा बंद राहिल्या, फड घरी बसले. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते, जरूर द्यावा. पण आधी प्रत्येक गावाला त्याच्या यात्रेची ती एक रात्र पहाटेपर्यंत मोकळी द्या!