माप नाही, तर पाणीपट्टी नाही!



आपला ऊस काट्यावर तोलतात. दूध लिटरने मोजतात, वर फॅट लावतात. आडतीवर तुरीचा किलोकिलोचा हिशेब होतो. विकताना आपले सारे मोजले जाते. मग पट्टी भरून घेतलेले कालव्याचे पाणीच तेवढे अंदाजाने का?

परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव, खासापुरी, चांदणी अशी धरणे आहेत. धरणातला साठा दलघमीत सांगतात. पण चारीच्या तोंडाशी किती आले, हे विचारा. उत्तर ठरलेले : "दार फूटभर उचललंय, चारी भरून चाललीय." हे माप नव्हे. दार तेवढेच ठेवले तरी कालव्यातली पातळी उतरली की पाणी घटते. पाळीचे दिवस तेवढेच भरतात, शेपटाच्या शेतकऱ्याची ज्वारी मात्र वाळते. त्याने तक्रार करावी कशाच्या आधारावर?

2005 साली राज्याने कायदा केला : पाणीवापर संस्थांना पाणी घनमापनाने द्यायचे. मग मोजायचे साधन कुठे आहे? मापाशिवाय चारी ताब्यात घेणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावरच्या संस्थांनी मोजून पाणी घेऊन दाखवले आहे. तिथे जमते, तर इथे का नाही?

साधन जुने आणि साधे आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत राल्फ पार्शल या अभियंत्याने 1920 च्या दशकात ते तयार केले. चारीत काँक्रीटचा किंवा पत्र्याचा अरुंद गळा बसवायचा आणि गळ्याच्या वरच्या अंगाला, ठरलेल्या जागी मोजपट्टी लावायची. वीज नको, इंजिन नको. एक फूट गळ्याच्या पार्शल फ्ल्यूममध्ये पट्टीवर एक फूट पाणी म्हणजे 4 क्युसेक, सेकंदाला सुमारे 113 लिटर. अर्धा फूट झाले तर निम्मे नव्हे, जेमतेम 1.4 क्युसेक! "अर्ध्या फुटाने काय बिघडतं?" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. दोन तृतीयांश पाणी गेलेले असते.

फ्ल्यूम कसाही बसवून चालत नाही. जागा सरळ वाहत्या चारीत हवी. गळ्याआधीचा तळ पाणसळीत हवा. तो फार खाली बसला, तर खालचे पाणी मागे फुगते आणि पट्टी जादा आकडा दाखवते. म्हणून बसवतानाच आपली माणसे तिथे उभी हवीत.

आता थोडे आपल्या पदरचेही बोलू. खाली गोण्या टाकून पाणी फुगवणारे आपल्यातच आहेत. त्यानेही पट्टी खोटी बोलते, आणि न मिळालेल्या पाण्याचे बिल आपल्याच संस्थेवर चढते. गाळ, गवत न काढणे हेही तसेच. मापाचा हक्क मागायचा, तर माप जपायलाही शिकले पाहिजे.

आमचे मागणे तीनच :

1. प्रत्येक चारीच्या तोंडाशी फ्ल्यूम, सरकारी खर्चाने.
2. पाळीत रोज दोन वेळा नोंद. पाटकरी आणि संस्थेचा माणूस, दोघांच्या सह्या.
3. नोंदवही आणि तक्ता मराठीत, चावडीवर सर्वांना खुला.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या चारीची लांबी, दारांची संख्या आणि मागच्या पाळीचे दिवस लिहून आणा. आम्ही फुकट पाणी मागत नाही. मोजून द्या, मोजून पैसे घ्या!