आधी खर्च, मग स्टायपेंड

पाउल लँगरहान्सने स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांचं वर्णन १८६९ साली आपल्या प्रबंधात केलं, तेव्हा तो बर्लिनमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी होता. अमेरिकेत जे मॅक्लिनला हेपरिनचा माग १९१६ मध्ये लागला, तोही विद्यार्थिदशेतच. एमबीबीएसच्या मुलांना मी ही नावं मुद्दाम सांगतो. संशोधन म्हणजे एमडी झाल्यावर करायची गोष्ट, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे.

ती मोडायची सोय सरकारनेच केलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यार्थीवृत्ती देते. मुलं तिला नुसतं ‘एसटीएस’ म्हणतात. एमबीबीएस किंवा बीडीएसच्या विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न घ्यायचा, प्रस्ताव लिहायचा आणि मंजूर झाला की दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. इंटर्नना अर्ज करता येत नाही. गाइड आपल्याच महाविद्यालयातला पूर्णवेळ अध्यापक हवा आणि एका गाइडकडे त्या वर्षी एकच विद्यार्थी. हा शेवटचा नियम मला मनापासून आवडतो, कारण त्यामुळे शिक्षकाला त्या एका पोरासाठी वेळ काढावाच लागतो.

अडचण पुढे येते. माणसांवरचा कुठलाही अभ्यास संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ओपीडीत बसलेल्या बाईला आपण काय विचारतोय, कशासाठी, तिने नाही म्हटलं तरी तिच्या उपचारात फरक पडणार नाही, हे तिला समजेल अशा मराठीत लिहून द्यावं लागतं. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यावा लागतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला डॉक्टरकीचा याहून चांगला धडा कुठल्या लेक्चरमध्ये मिळणार? पण लहान महाविद्यालयांत कमिटीची बैठक लांबत जाते. कधी कोरम भरत नाही, कधी बाहेरचे सदस्य गावाला गेलेले असतात. मुलाचे दोन महिने त्या वाट पाहण्यात झिजतात आणि मग जे काम हाती येतं ते घाईचं असतं.

आणि पैसे. पूर्वी दोन महिन्यांचे मिळून २० हजार रुपये मिळायचे, अलीकडे ते ५० हजार झाले. वाढ चांगली आहे. मात्र हे पैसे हातात पडतात ते काम संपून, अहवाल तपासून मंजूर झाल्यावर. संशोधनाच्या खर्चासाठी वेगळं अनुदान नाही. तोवर प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स, तालुक्याच्या गावी जायचं एसटीचं भाडं, तपासणीची किट, सुट्टीतही चालू राहणारी मेस हे सगळं कोण भरणार? ज्याचे आईवडील डॉक्टर आहेत त्याला ही अडचण जाणवतही नाही. पण ज्याच्या घरी सुट्टीत पोरगं शेतावर हाताशी येईल म्हणून वाट पाहतात, तो प्रस्ताव लिहितच नाही. असे विद्यार्थी मी पाहिलेत. ‘सर, पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात, आणि पुढच्या वर्षी अभ्यासाचा बोजा वाढलेला असतो.

यात नुकसान त्या मुलाचं होतंच, त्याहून जास्त आपलं होतं. नंदुरबारच्या पाड्यावर सिकलसेलचा रुग्ण गोळ्या मधेच का सोडतो, ऊसतोडीहून परतलेल्या बायका दवाखान्याची पायरी कधी चढतात, हे प्रश्न त्या गावातून आलेल्या मुलालाच पहिल्यांदा सुचतात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तिथे विंचूदंशाने माणसं दगावताना त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या कामातून प्राझोसिनचा उपचार पुढे आला. त्यांना प्रश्न दिसला, कारण ते तिथे होते. प्रश्न दिसणाऱ्या मुलांना आपण झेरॉक्सच्या पैशांपायी मागे ठेवतो, याचा मला खरोखर राग येतो.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. आयसीएमआरने निम्मी रक्कम प्रस्ताव मंजूर होताच द्यावी आणि उरलेली अहवालानंतर. एथिक्स कमिट्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांसाठी वर्षातून एक बैठक आधीच ठरवून ठेवावी. कमी जोखमीच्या प्रश्नावली-अभ्यासांना पूर्ण बैठकीविना जलद मंजुरी द्यायची वाट आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, ती वापरावी. दिल्लीहून पैसे येईपर्यंतचा खर्च महाविद्यालयाने उचलावा. एका अभ्यासाला लागणारी रक्कम स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या खर्चापुढे किरकोळ असते.

हे वाचणाऱ्यांत प्रॅक्टिसमध्ये स्थिरावलेले डॉक्टर असतील. त्यांनी आपल्या जुन्या महाविद्यालयात एक फोन करावा, यंदा कोणाचे प्रस्ताव मंजूर झालेत ते विचारावं आणि एका विद्यार्थ्याचा मेस आणि प्रवासाचा खर्च आपल्याकडे घ्यावा.