अंबरी : काश्मीरचे घरचे सफरचंद

सफरचंदांचा हंगाम सुरू झाला की गाडीवर लाल ढीग रचलेले दिसतात आणि आपण फळवाल्याला दोन प्रश्न विचारतो. काश्मिरी आहे का? गोड आहे का? तो दोन्हींना हो म्हणतो. आंबा घेताना मात्र आपण एवढ्यावर कधी थांबत नाही. हापूस की पायरी, केसर की रायवळ, हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. सफरचंदाला आपण फक्त गाव विचारतो, जात विचारत नाही.

विचारली असती तर एक गंमत कळली असती. काश्मिरी म्हणून जे गडद लाल, तळाशी पाच उंचवटे असलेले सफरचंद आपण घरी आणतो, ते बहुतेक वेळा डेलिशस असते आणि त्याचे मूळ अमेरिकेत आहे. काश्मीर खोऱ्याचे स्वतःचे, पिढ्यान्‌पिढ्या लावलेले सफरचंद वेगळे. त्याचे नाव अंबरी.

अंबरी दिसायला भडक नाही. हिरवट-पिवळसर सालीवर लाल रेघा आणि उन्हाकडच्या बाजूला लाली. आकार गोलसर, काहीसा लांबट. गर पांढरा, कुरकुरीत, रसाळ आणि चांगलाच गोड. आणि वास! काश्मिरी माणूस अंबरीबद्दल बोलू लागला की चवीआधी वासाचे बोलतो. हे फळ उशिरा, सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, तयार होते. उशिरा येते म्हणूनच थंडीच्या तोंडावर घरात भरून ठेवता येते. विजेवर चालणारी शीतगृहे नव्हती, त्या काळात खोऱ्यातल्या थंड खोलीत अंबरी हिवाळाभर टिकत असे आणि मऊ पडत नसे. बर्फाने रस्ते बंद होणाऱ्या मुलखात या गुणाला किती किंमत असेल, हे वेगळे सांगायला नको.

हा नुसता आठवणींचा गोडवा नाही. काश्मीरमध्ये जमीनमहसुलाची मोजणी करणारे इंग्रज अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांनी 1895 मध्ये खोऱ्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या सफरचंदाची नोंद आहे. ते ऑक्टोबरमध्ये पिकते, खूप दिवस टिकते आणि गोडीमुळे व देखणेपणामुळे हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर जाते, असे त्यांनी लिहिले आहे. त्या वेळी देखणे म्हणून गाजलेले हे फळ पुढे रंगात कमी पडले म्हणून मागे हटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग ते मागे का पडले? दोष बागायतदाराच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. अंबरीचे झाड मोठे वाढते आणि फळावर यायला बरीच वर्षे घेते. फळावर आले तरी एक वर्ष भरभरून, दुसऱ्या वर्षी थोडे. हापूसच्या बागा असलेल्या आपल्या कोकणी वाचकांना हे दुखणे चांगले माहीत आहे. त्यात स्कॅब नावाचा बुरशीचा रोग. पानांवर आणि फळांवर काळपट, खरबरीत डाग पडतात आणि माल बाजारात चालत नाही. भारतात या रोगाची पहिली नोंद 1935 मध्ये काश्मीरमध्ये झाली, तीही अंबरीवरच. पुढे 1973 मध्ये या रोगाची मोठी साथ खोऱ्यात आली. एवढे सगळे सोसून पिकवलेला माल पेटीत भरून दिल्लीला किंवा आपल्या वाशीच्या बाजारात पाठवायचा आणि शेजारच्या पेटीतल्या लालबुंद डेलिशसला जास्त भाव मिळताना पाहायचा. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने याच पेट्यांवर असतील, तर शेतकरी काय करील? त्याने जुनी झाडे काढली आणि डेलिशस लावले. पुढे शीतगृहे आली. पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोरासारख्या ठिकाणी मोठमोठी गोदामे उभी राहिली आणि कोणतेही सफरचंद महिनोन्‌महिने ठेवता येऊ लागले. टिकण्याचा जो हुकमी गुण अंबरीकडे होता, त्याचीही बाजाराला गरज उरली नाही. आज अंबरीच्या बागा थोड्याच राहिल्या आहेत, त्या मुख्यतः शोपियान भागात.

ज्या डेलिशसने अंबरीला हटवले, त्याची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातल्या जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत ते आपोआप उगवले. नको असलेले रोप म्हणून त्याने ते छाटले तरी ते पुन्हा फुटले, म्हणून राहू दिले. ते पहिले डेलिशस पिवळसर सालीवर लाल रेघांचे होते, म्हणजे रंगरूपाने अंबरीच्या बरेच जवळचे. पुढे रोपवाटिकांनी जास्त लाल फळ देणाऱ्या फांद्या निवडून त्यांचीच कलमे केली, मग त्यातूनही आणखी लाल. रंग गडद होत गेला, साल जाड झाली आणि चव मागे राहिली. अखेर अमेरिकेतलेच गिऱ्हाईक त्याला कंटाळले. 2018 मध्ये तिथे गाला या जातीने उत्पादनात डेलिशसला मागे टाकले.

इथे कलमाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अंबरीचे सगळे भवितव्य तिच्यावर आहे. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून आपण कलम लावतो. सफरचंदाचे तर याहून कठीण. अंबरीच्या बिया पेरल्या तर प्रत्येक रोप वेगळे निघते, कारण दुसऱ्या जातीचा पराग मिळाल्याशिवाय सफरचंदाला नीट फळ धरत नाही. बीमध्ये आई अंबरी आणि बाप कोणीतरी दुसराच. खरी अंबरी हवी तर अंबरीच्याच झाडाची काडी घेऊन दुसऱ्या खुंटावर बांधावी लागते. म्हणजे आज शोपियानमध्ये उभे असलेले प्रत्येक झाड कुणीतरी, कधीतरी, हाताने काडी कापून लावलेले आहे. ही साखळी शे-दोनशे वर्षे तुटली नाही. पण एखाद्या पिढीने काडी कापली नाही आणि जुनी झाडे म्हातारी होऊन गेली, तर बिया पोतेभर साठवून ठेवल्या तरी अंबरी परत येणार नाही.

श्रीनगरजवळच्या शालिमार इथे शास्त्रज्ञांनी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. अंबरी आणि डेलिशसच्या संकरातून 'लाल अंबरी', तर अंबरी आणि गोल्डन डेलिशसच्या संकरातून 'सुनहरी' तयार झाली. नावावरूनच कळते की बाजाराला काय हवे होते. या जाती चांगल्या असतील, पण ती अंबरीची लेकरे, अंबरी नव्हे. दुसरीकडे गेल्या दहा-बारा वर्षांत खोऱ्यात बुटक्या खुंटांवरच्या दाट बागा वाढत आहेत. तारेला बांधलेली ठेंगणी झाडे, त्यांवर गाला आणि तशाच परदेशी जाती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ. कर्ज काढून बाग लावणाऱ्या तरुणाला अंबरीसाठी थांब म्हणणे आपल्याला शोभणार नाही. मात्र बांधावर जुनी दोन झाडे असतील, तर ती राखायला त्याला कारण मिळावे, आणि ते कारण गिऱ्हाईकच देऊ शकते.

आपल्या बाजारात अंबरी क्वचित येते, पण अशक्य नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या फळबाजारात काश्मीरचा माल उतरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे नाव घेऊन विचारावे. रेघांचे, हिरवट दिसणारे फळ कच्चे म्हणून बाजूला सारू नये. हातात घेऊन घट्ट लागते का पाहावे आणि देठापाशी वास घ्यावा. सालीवर बारीक खरबरीत डाग असेल तर भाव थोडा कमी करून मागावा, आतला गर बहुधा चांगलाच असतो.

घरी आणल्यावर सफरचंदे न धुता, कागदात एकेक गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत आणि खाण्याआधीच धुवावीत. पालेभाज्या आणि काकड्यांपासून ती दूर असावीत. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने भाजी लवकर पिवळी पडते. एखादे फळ नासू लागले तर लगेच काढावे. इफ्तारसाठी फोडी आधी कापून ठेवायच्या असतील, तर लिंबाचे थेंब टाकलेल्या पाण्यातून काढाव्यात, काळ्या पडत नाहीत. अंबरी मिळालीच तर मात्र फ्रूट चाटमध्ये मसाला घालून तिचा वास दडपू नये. ती नुसतीच, सालीसकट खावी.