कान दाखवायला जाताना

कानाच्या ओपीडीत ‘काय त्रास होतो?’ असे विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते ते शेजारच्या खुर्चीतून. ‘टीव्ही फार मोठा लावतात’, ‘चार-चार हाका माराव्या लागतात’, ‘फोनवर बोलणंच सोडलंय त्यांनी’. ज्याचा कान आहे तो मात्र गप्प. घरच्यांची माहिती उपयोगाची असतेच. आपल्याला कमी ऐकू येते हे माणसाला स्वतःला बऱ्याचदा सर्वांत शेवटी कळते. पण नेमके काय ऐकू येत नाही, हे फक्त तोच सांगू शकतो. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत एकाच्या वाट्याला जी चार-पाच मिनिटे येतात, ती त्याला बोलू देण्यासाठी वापरावीत.

‘कमी ऐकू येतं’ एवढ्याने डॉक्टरला फारसे काही कळत नाही. वाढत्या वयात बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. अ, आ, ओ हे स्वर जाड आवाजाचे. ते कानापर्यंत पोहोचतात. स, श, फ ही व्यंजने निसटतात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार होते. दुकानदार ‘सात’ म्हणाला की ‘साठ’, याचा घोळ होतो. शेजारच्या काकांचे बोलणे कळते, नातीचे कळत नाही. अशा माणसाशी घरचे ओरडून बोलतात आणि ‘ओरडतोस कशाला?’ हेही ऐकून घेतात. याउलट मध्यकर्णात बिघाड असेल तर सगळेच आवाज दबल्यासारखे येतात. मोठ्याने बोलले की व्यवस्थित कळते. दोन्हींचे उपचार वेगळे.

म्हणून जाण्याआधी आठवडाभर कॅलेंडरच्या चौकोनात दोन-दोन शब्द टिपून ठेवा. कुठे अडले? एसटीत, कीर्तनात, फोनवर, की शांत घरातही? फोन कोणत्या कानाला लावता? कानात शिट्टी किंवा रातकिडे वाजतात का, आणि एकाच कानात की दोन्हींत? चक्कर येते का? एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर ते आवर्जून सांगा. त्याचे कारण शोधावेच लागते आणि कधी त्यासाठी एमआरआयही लागतो.

चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाका. पूर्वी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने झाली असतील, कर्करोगासाठी सिस्प्लाटिन दिले असेल, तर ते सांगायलाच हवे. ही औषधे कानाची नस दुखावू शकतात. कामाचेही तसेच. यंत्रमागावर किंवा प्रेसवर वीस वर्षे काढलेला माणूस ‘निवृत्त’ एवढेच सांगतो आणि अर्धे निदान तिथेच हरवते. तपासणीच्या आदल्या दिवशी ढोल-डीजेजवळ जाऊ नका. कानात तेल घालू नका आणि मळ स्वतः पिनेने कोरू नका. मळ असेल तर आधी तो काढतात, मग चाचणी.

हे टिपण वगैरे सगळे विसरून धावत यावे, असा एक प्रसंग आहे. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटतो. लोक सर्दी समजून वाफ घेतात आणि आठवडा काढतात. ही नस अचानक निकामी होण्याची सुरुवात असू शकते. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते. दोन आठवडे उलटले की ती बरीच घटते. अशा वेळी पुढच्या महिन्याची तारीख घेऊन घरी जाऊ नका. ‘एक कान अचानक गेला’ असे खिडकीवरच स्पष्ट सांगा.

चाचणीच्या बंद खोलीत अगदी पुसटसा आवाज आला तरी बटण दाबायचे असते. काही जण प्रमाणपत्रासाठी मुद्दाम दाबत नाहीत. बेरा चाचणीत ते उघडे पडते. आलेखाची प्रत मागून घ्या. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. खुणा जितक्या खाली तितके ऐकणे कमी. मग तीन गोष्टी विचारा. दोष पडद्याचा की नसेचा? औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारेल का? पुन्हा चाचणी कधी? वयामुळे गेलेले ऐकणे ‘नसेच्या ताकदीच्या’ गोळ्यांनी परत येत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता बोलत असतील तर ‘माझ्याकडे बघून बोला’ म्हणायला संकोचू नका. न कळता ‘हो, हो’ म्हणून मान डोलावणे ही कमी ऐकणाऱ्यांची जुनी सवय आहे. त्यापेक्षा ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून बघा. रुग्णालयांनीही एक करावे. ऐकू न येणाऱ्यांच्या रांगेत नावे ओरडून पुकारण्याची पद्धत बंद करून आकड्यांचा फलक लावावा. फलक होईपर्यंत खिडकीवर सांगून ठेवा, की हाताने खूण करा.

श्रवणयंत्र सुचवले तर दुकानात जाऊन चष्म्यासारखे उचलू नका. तुमच्या आलेखाप्रमाणे ते जुळवून द्यावे लागते. कानात लावून गोंगाटातही चालून बघा. बॅटरी आणि दुरुस्तीचा खर्च आधीच विचारा. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नानुसार यंत्र मोफत किंवा सवलतीत मिळू शकते. त्याची चौकशी त्याच भेटीत करा. सुरुवातीला भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर नकोशी वाटते आणि बरीच यंत्रे पहिल्या पंधरवड्यातच कपाटात जातात. तसे करू नका. रोज थोडा थोडा वेळ वाढवा, काय खटकते ते त्याच कॅलेंडरवर लिहा आणि तो कागद घेऊन यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला या.