विजेचा हर्रास



ज्वारीचा हर्रास आपण सगळ्यांनी पाहिला आहे. व्यापारी ढिगातले मूठभर दाणे हातावर घेतात, दोन-चार बोल्या होतात आणि दोन मिनिटांत वर्षाच्या कष्टाचा निकाल लागतो. विजेचाही असाच हर्रास देशात रोज होतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. २००८ सालापासून हा बाजार चालू आहे. उद्याच्या विजेची बोली आज लागते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा निघतो. विकणारा सांगतो, इतकी वीज या भावाने देईन. घेणारा सांगतो, इतकी वीज या भावापर्यंत घेईन. स्वस्त बोली आधी उचलायची, मग त्याहून महाग, असे करत गरज भागेपर्यंत जायचे. सर्वांत शेवटी जी बोली लागली तिचा भाव सगळ्यांना मिळतो.

ऐकायला विचित्र वाटते. दोन रुपयांत वीज काढणाऱ्यालाही दहा रुपये का द्यायचे? पण यामागे हिशेब आहे. ज्याची त्याची बोली त्याला दिली, तर कोणी खरी किंमत सांगणारच नाही. शेवटचा भाव काय निघेल याचा अंदाज बांधून सगळेच तेवढी मागणी करतील. एकच भाव असला, की स्वस्त वीज काढणाऱ्याला खरी बोली लावण्यात तोटा नसतो, आणि महाग काढणारा आपोआप बाहेर राहतो. पद्धत शहाणी आहे. फक्त एक अट आहे: विकणारे पुष्कळ हवेत, आणि त्यांच्यात आतून संगनमत नको. या अटीचा अर्थ बाजार समितीच्या आवारात उभ्या राहिलेल्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही.

ही अट मोडली की काय होते, ते इंग्लंडने पाहिले. तिथे १९९० साली सरकारी वीज मंडळ मोडून घाऊक बाजार उभा केला. पण औष्णिक केंद्रे वाटली ती मुख्यतः दोनच कंपन्यांत, नॅशनल पॉवर आणि पॉवरजेन. बहुतेक वेळा शेवटची बोली या दोघींपैकीच एकीची असायची. मग भाव कोण ठरवणार? नियामकाला त्यांच्याकडून काही केंद्रे विकवून घ्यावी लागली, आणि शेवटी २००१ च्या मार्चमध्ये सगळी पद्धतच बदलावी लागली.

त्याहून मोठा धडा कॅलिफोर्नियाचा आहे. तिथे १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ च्या वसंतात बाजार उघडला. विधिमंडळात एकही मत विरोधात नव्हते. (एकमताने झालेल्या कायद्याची मला नेहमीच थोडी धास्ती वाटते.) वितरण कंपन्यांना आपली बरीच वीजकेंद्रे विकायला लावली. लागेल ती वीज रोजच्या बाजारातूनच घ्या, असे बंधन घातले. वर्ष-दोन वर्षांचे करार करून भाव बांधून ठेवायची वाट जवळपास बंद केली. आणि गिऱ्हाइकाला द्यायचा दर मात्र कायद्याने गोठवला. म्हणजे खरेदी मोकळी, विक्री बांधलेली. रोजच्या बाजारभावाने ज्वारी घ्यायची आणि सरकारने ठरवलेल्या भावाने भाकरी विकायची, असा धंदा कोणी करील का? तो त्यांच्यावर लादला होता.

दोन वर्षे निभावले. मग २००० साली शेजारच्या राज्यांत पाऊस कमी झाला, जलविद्युत घटली, गॅस महागला. ज्या विजेचा घाऊक भाव १९९९ च्या डिसेंबरात हजार युनिटला साधारण ३० डॉलर होता, तो वर्षभरात साडेतीनशेच्या वर गेला. गिऱ्हाइकाला मात्र या टंचाईचा पत्ता नाही, त्याचा दर गोठलेला. त्यामुळे मागणी उतरलीच नाही. २००१ च्या जानेवारीत भारनियमन सुरू झाले, बाजाराचे दुकान त्याच महिन्यात बंद पडले आणि एप्रिलमध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या वितरण कंपनीने दिवाळे काढले.

या टंचाईत ज्यांनी हात धुऊन घेतले त्यांत एक नाव आपल्या ओळखीचे आहे: एन्रॉन. २००२ साली बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून त्यांचे डाव उघड झाले. राज्यात भावाला कमाल मर्यादा होती, बाहेरून येणाऱ्या विजेला ती लागत नव्हती. मग घरचीच वीज हद्दीबाहेर न्यायची आणि परकी म्हणून चढ्या भावाने परत आणायची. दुसरा डाव त्याहून पक्का. तारांवर गर्दी आहे असे कागदोपत्री दाखवायचे आणि ती गर्दी कमी केल्याबद्दल पैसे घ्यायचे. गाडी रस्त्यात आडवी लावून बाजूला घेण्याची मजुरी मागावी, तसे.

हीच कंपनी दाभोळला काय करीत होती ते आठवा. १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाशी करार झाला. स्पर्धेची निविदा नाही, दुसरा विकणारा नाही. वीज घ्या अथवा न घ्या, ठरलेला स्थिर आकार भराच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. १९९९ च्या मे महिन्यात केंद्र चालू झाले. दोन वर्षांत मंडळाची कंबर मोडली आणि २००१ च्या मेमध्ये खरेदी थांबली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉन बुडाली.

म्हणून 'बाजार चांगला की करार चांगला' या वादात मी पडत नाही. दाभोळला करार होता, स्पर्धा नव्हती. कॅलिफोर्नियात स्पर्धा होती, करार नव्हते. लुबाडणूक दोन्हीकडे झाली. बाजार मोकळा करा म्हणणारे आपण लोक आहोत, पण मोकळा बाजार म्हणजे नुसते फाटक उघडणे नव्हे. मापाचा काटा, रस्ता, आणि कटती कापणाऱ्याला विचारणारा माणस, हे सगळे आधी लागते.

रस्त्याचेच घ्या. एकाधिकार खरेदीच्या काळात आपल्या विदर्भातला कापूस रातोरात आदिलाबादकडे जायचा, कारण हद्दीपलीकडे भाव वेगळा होता. विजेचेही तेच. दक्षिणेकडची राज्ये मुख्य जाळ्याला नीट जोडलेली नव्हती तोवर तिथला घाऊक भाव वारंवार बाकी देशापेक्षा चढा राहायचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते आपले सोलापूर ही वाहिनी जोडली गेली आणि देशाचे जाळे एक झाले. पुढे तारा वाढत गेल्या तसा तो फरक कमी होत गेला. तिथे हद्द पोलिसांनी नव्हे, तारेने ठरवली होती.

आता आपल्या बांधावर या. २०२२ च्या मार्चमध्ये उन्हाळा लवकर तापला आणि या बाजारात भाव युनिटला २० रुपयांपर्यंत गेला. केंद्रीय नियामकाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची आणि पुढच्या वर्षी १० रुपयांची मर्यादा घातली. मर्यादेने भाव थांबतो, वीज वाढत नाही. टंचाईच्या वेळी वितरण कंपनीला महाग वीज घ्यायची नसते. तेव्हा कोणाचा फिडर आधी बंद होतो, हे तुमच्या स्टार्टरला विचारा.

दुसरी गोष्ट. सौरऊर्जा वाढल्यापासून घाऊक बाजारात भर दुपारची वीज सर्वांत स्वस्त झाली आहे. सूर्य मावळला की भाव मर्यादेला जाऊन भिडतो. आणि आपण मोटार चालू करायला जातो रात्री. आठवडा पाळीने आठ तास दिवसा, नाहीतर दहा तास रात्री. मी शेतीची पदवी घेतली तेव्हा शिकवले होते, की बोंडे भरताना कपाशीला आणि पोटरीत असताना रब्बी ज्वारीला एक पाणी मिळाले तर पीक हाताला लागते. ते पाणी रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवातून द्यायचे असते, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. माझ्या स्वतःच्या विहिरीवरची डी.पी. एकदा ऐन फुलोऱ्यात जळाली आणि बदलून मिळेपर्यंत हरभरा गेला. तक्रारीची पोच अजून माझ्याकडे आहे.

दिवसा वीज मागणे ही आता याचना राहिलेली नाही. जी वीज सर्वांत स्वस्त, तीच आम्ही मागतो आहोत. पाण्याला घाईची वेळ नसते. सकाळी दहा ते दुपारी चार कधीही द्या. बाजाराला हवे असते तसे हे गिऱ्हाईक आहे, वेळ बदलू शकणारे. पण दार बंद आहे. एक मेगावॅटच्या कारखान्याला कायद्याने हव्या त्या ठिकाणाहून वीज घेता येते. २०२२ पासून हरित विजेसाठी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आली. पाच अश्वशक्तीची मोटार पावणेचार किलोवॅटची. शंभर किलोवॅट व्हायला सत्तावीस मोटारी लागतात. त्या सत्तावीस जणांनी मिळून एक गिऱ्हाईक म्हणून उभे राहायचे ठरवले तर?

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते. ज्याच्या घरी थकबाकीची नोटीस आली आहे त्याला यात दिलासा आहे, ते मी नाकारत नाही. पण वितरण कंपनीचे गिऱ्हाईक आता सरकार झाले, आपण नाही. फुकट जेवणाऱ्याला भात कच्चा आहे असे म्हणता येत नाही. बिल भरणारा निदान पावती आपटून विचारू शकत होता.

जिल्हा बैठकीपुढे तीन ठराव येत आहेत. फिडरवार किती तास आणि कोणत्या वेळी वीज दिली, याची नोंद दर महिन्याला उपकेंद्रावर लावावी. वितरण कंपनीने बाजारात कोणत्या वेळची वीज कोणत्या भावाने घेतली, तेही सोबत लावावे. आणि एका फिडरवरच्या पंपधारकांच्या गटाला एकत्रित गिऱ्हाईक म्हणून दिवसाची वीज घेण्याची मुभा मिळावी. तिसऱ्या ठरावावर आपल्यातच मतभेद आहेत. थकबाकीदार शेजाऱ्याचा भार गटावर येईल ही भीती खरी आहे, तिच्यावर बोलू.

सध्या एवढेच करा. पाटीवर, वहीवर, कशावरही तुमच्या फिडरची वीज कधी आली, कधी गेली आणि किती फेज होत्या, हे रोज लिहा. ती वही घेऊन बैठकीला या.