अंतर किलोमीटरांचे की तासांचे?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7200 किलोमीटर आहे. थेट विमान ते नऊ-दहा तासांत कापते. मुंबई ते कोल्हापूर हे सरळ रेषेतील अंतर अवघे 300 किलोमीटरांच्या आसपास; परंतु पुणे-मिरजेचा वळसा घेणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला 500 किलोमीटरांहून अधिक मजल मारावी लागते आणि तीत सुमारे अकरा तास जातात. परदेशी शिकणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला अर्धे जग ओलांडण्यापेक्षा मुंबईहून घरी पोहोचण्यासच अधिक वेळ लागावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

हा दोष पूर्वजांच्या दृष्टीचा खचित नाही. 1891 साली कोल्हापुरास रेल्वे आली. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, 1939 साली, उजळाईवाडीला विमानतळ झाला. कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून निघाले ते 8 जून 1948 रोजी, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी. पुढील काळात मात्र येथील विमानसेवा सुरू होत आणि बंद पडत राहिली. ‘उडान’ योजनेखाली एप्रिल 2018 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मार्च 2024 मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. ही प्रगती स्वागतार्हच आहे.

परंतु इमारत म्हणजे सेवा नव्हे. कोल्हापूर-मुंबई उड्डाण तासाभराचे असले, तरी विमानतळ गाठणे, तपासणी, सामानाची प्रतीक्षा आणि पुढील विमानासाठी ताटकळणे हा सारा वेळ प्रवासाचाच असतो. परदेशी विमानाच्या वेळेशी येथील उड्डाणाचा मेळ बसला नाही, तर वाचलेले तास मुंबईत खर्ची पडतात. सेवेच्या सातत्याचीच शाश्वती नसेल, तर आजारी आईकडे धावत येणारा मुलगा तिच्यावर विसंबणार तरी कसा?

विमान हे मूठभरांचे वाहन, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. शिक्षक, कारकून आणि बहुसंख्य विद्यार्थी रेल्वेने वा एस. टी.नेच जाणार. म्हणूनच विमानाचे कौतुक करताना रेल्वेच्या अकरा तासांकडे डोळेझाक होता कामा नये. विमानाच्या वेळापत्रकाला सातत्य आणि रेल्वेला गती, या दोन्ही मागण्या एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत.

लोकप्रतिनिधींनी यापुढे धावपट्टीच्या लांबीबरोबरच आणखी एक हिशेब जनतेसमोर ठेवावा: कोल्हापूरच्या माणसाला आपल्या दारातून निघून इष्टस्थळी पोहोचण्यास किती तास लागतात, आणि गेल्या वर्षापेक्षा त्यांतील किती कमी झाले. ज्या संस्थानाने स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी विमानतळ उभारला, त्याच्या वारसांनी एवढा हिशेब मागणे मुळीच अवाजवी नाही.