चेन बदलायची तर पूर्ण सेट बदला

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कापडधंद्यात मालासाठी स्वतःचा टेम्पो ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्ही कापडवाले सूत बोटांनी पारखतो. पण इंजिनाचा विषय निघाला की मिस्त्री सांगेल ते खरे मानतो. हे बरोबर नाही.

ज्याला माग कळतो त्याला इंजिन अवघड नाही. साध्या यंत्रमागात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत खालचा टॅपेट शाफ्ट एक फेरी घेतो. चार स्ट्रोकच्या इंजिनातही क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरून व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. हा मेळ बऱ्याच गाड्यांत टायमिंग चेन राखते. मागाचा मेळ बिघडला तर धोटा ताण्यात अडकून धागे तुटतात. इथे बिघडला तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

चेन रबरासारखी ताणत नाही. तिच्या पिना व बुश झिजून लांबी वाढते. सकाळी गाडी चालू करताच इंजिनाच्या चेनकडच्या बाजूने खडखड आली, तर चेन किंवा टेन्शनर तपासून घ्यावा. वरून येणारी टिकटिक बहुधा लिफ्टरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टॅपेटची. हायड्रॉलिक लिफ्टर तेलाच्या दाबाने फट भरून काढतो. तेल कमी वा घाण झाले की तो वाजू लागतो. साध्या टॅपेटची फट मात्र गेजने मोजून बसवावी लागते.

खरा वाद खर्चाचा. "नुसती चेन टाका, गिअर चालतील," असे मालकच सांगतात. आमचे मत उलट आहे. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. शिवाय कव्हर उघडण्याची मजुरी मोठी. ती दोनदा कशाला भरायची? चेन, गिअर, गाईड व टेन्शनर एकदमच बदलावेत. खुणा जुळवल्यावर, गाडी चालू करण्याआधी, क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून पाहायला सांगावे. जुने भाग मागून घ्यावेत आणि पक्के बिलही.

सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, दिलेल्या दर्जाचे तेल बदलणे. रोजमेळ लिहितो तशी तेलाची तारीख आणि किलोमीटरही लिहून ठेवावेत. सणासुदीत माल रस्त्यात अडकला तर गिऱ्हाईक आमची सबब ऐकत बसत नाही. ते शेजारच्या दुकानाची पायरी चढते.